शिकलेल्या पोरांच्या धंद्यात आपलं काय काम?

(सामुदायिक रेडिओवरून झालेलं भाषण)

शेतातून येऊन आत्ताच टेकलेल्या, चुलीपुढं भाकरी थापत ऐकणाऱ्या, गटाच्या बैठकीत रेडिओ मधोमध ठेवून बसलेल्या, तुम्हा सगळ्यांना आमच्या महिला गटांकडून नमस्कार. आज आम्ही बोलणार आहोत कॉलेजात शिकणाऱ्या पोरापोरींच्या धंद्याबद्दल. तुम्ही म्हणाल, त्याचा आपल्याशी काय संबंध? संबंध असा, की त्या पोरांच्या धंद्यात पहिला पैसा बहुतेक वेळा आपलाच असतो. आईनं गटातून काढलेलं कर्ज, मावशीनं दिलेली उसनवारी, नाहीतर गळ्यातलं डोरलं.

अलीकडे कॉलेजांमधून एक शब्द फार ऐकू येतो, मेंटर. म्हणजे धंद्यातला जाणता माणूस. नव्यानं धंदा काढणाऱ्या पोराच्या पाठीशी तो उभा राहतो, वेळोवेळी चार गोष्टी विचारतो, चार ओळखी करून देतो. आपल्या राज्यात २०१६ साली विद्यापीठांचा नवा कायदा झाला. त्यात विद्यार्थ्यांचे नवे उद्योग उभे राहावेत म्हणून विद्यापीठात वेगळा संचालक नेमण्याची तरतूद आहे. अनेक विद्यापीठांमध्ये इन्क्युबेशन सेंटर निघाली आहेत. इन्क्युबेशन म्हणजे उबवणी. कोंबडी अंड्यावर बसते तशी ही केंद्रं नव्या धंद्यावर बसतात. पण नुसती खोली, टेबल आणि इंटरनेट दिलं म्हणून अंडं उबत नाही, ऊब द्यायला कुणीतरी बसावं लागतं. ते बसणारं माणूस म्हणजे मेंटर.

नाव नवं असलं तरी काम जुनं आहे. लिज्जत पापड आपण सगळ्या ओळखतो. १५ मार्च १९५९ ला मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी पापड लाटायला सुरुवात केली. भांडवल ८० रुपये, तेही उसने. ते दिले छगनलाल करमसी पारेख यांनी, त्यांना सगळे छगनबाप्पा म्हणायचे. पहिल्या दिवशी निघाली चार पाकिटं. आपण ही गोष्ट सांगताना ८० रुपयांवर थांबतो. आमच्या मते खरी मदत त्या पैशापुढची आहे. बायका सुरुवातीला दोन प्रतींचे पापड करायच्या, एक चांगला आणि एक स्वस्तातला. छगनबाप्पांनी सांगितलं, एकच प्रत ठेवा आणि ती उतरू देऊ नका. हिशोब चोख ठेवा, हा धंदा आहे, धर्मादाय काम नाही. पुरुषोत्तम दत्तानी नावाचे दुसरे गृहस्थ माल घेऊन ओळखीच्या व्यापाऱ्याकडे गेले. पापड मात्र त्या दोघांनी लाटले नाहीत, आणि मालकीही बायकांचीच राहिली.

तरुणांसाठी हे काम ठरवून करणाऱ्या संस्थाही आपल्या देशात आहेत. १९९२ साली सुरू झालेला भारतीय युवा शक्ती ट्रस्ट प्रत्येक तरुण उद्योजकाला एक अनुभवी मेंटर जोडून देतो. अमेरिकेत एमआयटी नावाचं मोठं विद्यापीठ आहे. तिथं २०००पासून मेंटर मंडळींची सेवा चालते आणि तिची पद्धत आम्हाला फार आवडली. एका विद्यार्थ्यासमोर एकच मेंटर बसत नाही, तिघंचौघं मिळून बसतात. ते मोबदला घेत नाहीत आणि ज्याला सल्ला देतात त्याच्या धंद्यात हिस्साही घेत नाहीत. हे ऐकल्यावर आमच्यातली एक आक्का म्हणाली, "म्हणजे आपली गटाची बैठकच की गं!" खरंच तसंच आहे. आपणही गोल बसतो, कर्ज मागणारीला प्रश्न विचारतो, वही उघडतो.

आम्ही सोलापूर जिल्ह्यातल्या. गेली काही वर्षं आमच्या गटांतल्या बायका जवळच्या कॉलेजातल्या शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींबरोबर असं बसतात. सुरुवातीला आमच्यातच वाद झाला. काही जणी म्हणाल्या, पंधरावी शिकलेल्या पोरांना आपण सातवी-आठवीवाल्या काय शिकवणार? पण कोंबड्या, शेळ्या, पिठाची गिरणी, शिलाई, भाजीचा गाळा हे धंदे आम्ही वीस-वीस वर्षं केलेले आहेत. उधारी कशी बुडते, श्रावणात काय खपत नाही, तोलात कुठं मारलं जातं, हे पुस्तकात नसतं. तर त्यातले काही अनुभव सांगतो.

एक मुलगी बीएस्सीला होती. तिनं शेंगाचटणी करून विकायचं ठरवलं. सोलापूरची शेंगाचटणी सगळीकडे जाते, तेव्हा धंदा काही नवा नाही, पण चटणी तिच्या आईच्या हाताची, उखळात कुटलेली आणि खरंच चांगली. कॉलेजातल्या कार्यक्रमात तिनं स्टॉल लावला. २०० ग्रॅमचं पाकीट ५० रुपयांना. ५० पाकिटं तासाभरात संपली. पोरगी हवेत!

आमच्या तिघी जणी तिच्याबरोबर बसल्या आणि वही मागितली. वही नव्हती, मोबाइलात काहीतरी लिहिलेलं होतं. मग सगळं कागदावर मांडलं. शेंगदाणे १० किलो, त्या दिवसाच्या भावानं १,३०० रुपये. मिरची, लसूण, जिरं, मीठ मिळून २५०. गॅस आणि इतर १५०. पिशव्या आणि लेबलं २००. भाजून, सालं पाखडून दाणे उरले ९ किलो, मसाला मिळून चटणी झाली १० किलो. म्हणजे ५० पाकिटं, खर्च १,९०० रुपये. पाकिटाला ३८ रुपये पडले, ५० ला विकलं, १२ रुपये सुटले. ती म्हणाली, मावशी, बघा, ६०० रुपये नफा.

आम्ही विचारलं, कुटलं कुणी?

"आईनं आणि मी."

किती वेळ? दिवसभर. दुसरीकडे कामाला गेल्या असत्या तर दोघींची हजेरी काय झाली असती? ३०० धरली तरी ६०० रुपये. म्हणजे तो नफा नव्हता, ती आईची आणि तिची मजुरी होती, तीही दुसऱ्या कुणी दिलेली नाही. पुढचा प्रश्न, स्टॉल रोज असतो का? नाही. दुकानात ठेवायचं तर दुकानदार शेकडा २० तरी घेणार. ५० च्या पाकिटावर १० गेले, हातात आले ४०. खर्च मजुरी धरून ५०. म्हणजे जितकी जास्त पाकिटं खपणार तितका जास्त तोटा. पोरीचा चेहरा उतरला. आमच्यातल्या एकीला वाटलं, उगाच बोललो. पण हे तिला कर्ज काढल्यावर कळलं असतं तर?

मग दोन महिने काम चाललं. किंमत ७० केली. दुकानदाराचे १४ गेले, उरले ५६. त्यातून ५० खर्च, एसटीचे आणि टमटमचे पाकिटामागे २. सुटतात ४ रुपये. थोडे आहेत, पण खरे आहेत. ७० ला कोण घेणार, अशी तिला भीती. आम्ही म्हटलं, नातेवाइकांना आणि मैत्रिणींना विकू नकोस, ते मायेनं घेतात. ज्यांना तू ओळखत नाहीस अशा २० जणांना वीक, आणि त्यातले किती परत मागतात ते लिहून ठेव. पहिल्यांदा घेणाऱ्यापेक्षा दुसऱ्यांदा मागायला येणारं गिऱ्हाईक मोजायचं असतं.

टिकाऊपणाचं तिला बीएस्सीमुळं आमच्यापेक्षा जास्त कळत होतं, तरी तिनं ते करून पाहिलं नव्हतं. दाण्याचं तेल खवट होतं हे आपण सगळ्या जाणतो. एकाच घाण्याची सहा पाकिटं कपाटात ठेवायला लावली आणि दर पंधरवड्याला एक फोडायचं ठरवलं. वास कधी बदलतो ते तिनं स्वतः लिहिलं आणि लेबलावर त्याच्या आतलीच मुदत घातली. अन्नसुरक्षेची नोंदणीही तेव्हाच केली. उलाढाल तेव्हाच्या वर्षाला १२ लाखांच्या मर्यादेच्या आत होती म्हणून साधी नोंदणी पुरली, फी तेव्हा वर्षाला १०० रुपये होती. बाहेर एक एजंट तिला याचेच २,५०० सांगत होता. उद्यमची नोंदणी तर फुकट होते, आधार आणि पॅन असलं की झालं. ज्यांच्या घरात मोबाइल चालवणारं पोर आहे त्यांनी एजंटाकडे जाऊच नये.

आणखी एका गोष्टीवर आम्ही अडून बसलो, ती म्हणजे नोंदणी कुणाच्या नावावर करायची. तिच्या वडलांनी सहज म्हटलं, भावाच्या नावावर करू, पोरीचं काय, उद्या लग्न होऊन जाईल. त्यांच्या मनात वाईट नव्हतं, पण अशानं काय होतं ते आपण पाहिलं आहे. नावापासून गिऱ्हाइकापर्यंत सगळं पोरगी उभी करते आणि सासरी जाताना रिकाम्या हातानं जाते. आमच्या दोघी जणी घरी जाऊन बसल्या, चहा घेतला, वडलांशी बोलल्या. नोंदणी, बँकेचं खातं आणि त्या खात्याला जोडलेला मोबाइल नंबर, तिन्ही तिच्याच नावावर झाले. विद्यापीठातला मेंटर कितीही हुशार असला तरी तो घरी येऊन वडलांशी बोलत नाही. ते काम आपल्यालाच जमतं.

आता एका मुलाचं सांगतो. तो कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला होता. त्यानं मोबाइलवर शेळ्या विकायचं ॲप बनवलं. फोटो टाकायचा, किंमत टाकायची, व्यापारी बघून घेणार. कॉलेजात त्याला बक्षीसही मिळालं. आमच्यात एकीकडे २० शेळ्या आहेत. तिनं त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाबा, शेळी कुणी फोटोवर घेतं का? व्यापारी आधी पाठीवर हात दाबतो, दात बघतो, मगच तोंड उघडतो."

त्यानं वाद घातला. आम्ही म्हटलं, वाद नको, चार बाजार फिरून ये. तो आमच्या बाईबरोबर चार आठवडे बाजारला गेला. ॲप तिथं कुणाला नको होतं. पण त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली. बोकड नजरेनं विकला जातो, आणि नजर नेहमी व्यापाऱ्याची. एका बोकडाचं त्यानं १८ किलो सांगितलं होतं, पोरानं काट्यावर घातला तर २२ भरला. किलोला ४०० रुपये धरले तर १,६०० रुपयांचा फरक, एका जनावरामागे!

तिथून त्याचा धंदा फिरला. त्यानं जनावर उभं राहील असा काटा घेतला. वैधमापन खात्याचा शिक्का मारून घेतला, कारण शिक्का नसलेल्या काट्यावर व्यवहार करता येत नाही आणि व्यापारी पहिलं बोट तिथंच ठेवतो. गोठ्यावर जाऊन वजन करायचे जनावरामागे २० रुपये. नुसत्या वजनावर पोट भरणार नाही हे आमच्या बाईनं पहिल्याच महिन्यात हिशोबानं दाखवलं. म्हणून तो आता लसीच्या तारखांचं रजिस्टरही ठेवतो. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस चुकली की कळपच्या कळप जातो, हे शेळीवालीला सांगायला नको. लस डॉक्टरच देतात, हा फक्त तारखा सांभाळतो आणि डॉक्टरांना एकाच दिवशी पाच गोठ्यांवर नेतो. बकरी ईदच्या आधी दहा घरचे बोकड एकत्र करून वजनावर विकून देतो, त्यात त्याला किलोमागे ठरलेले पैसे मिळतात. ॲपसाठी शिकलेलं वाया गेलं नाही, रजिस्टर मोबाइलमध्येच आहे. बाजारात त्याला दोनदा दमदाटी झाली. तेव्हा आमच्या बायका काट्याभोवती उभ्या राहिल्या. हेही मेंटरचंच काम म्हणायचं का, ते विद्यापीठानं ठरवावं.

तिसरा अनुभव न झालेल्या धंद्याचा आहे, आणि आम्हाला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बीकॉमची एक मुलगी. कागदी द्रोण-पत्रावळीचं मशीन घ्यायचं तिनं ठरवलं होतं. मशीनवाल्याचं म्हणणं, कच्चा माल आम्ही देतो, तयार माल आम्हीच परत घेतो, तुम्ही फक्त बटण दाबायचं. मशीन दीड लाखाचं. आईनं गटाकडे कर्जाचा अर्ज टाकलेला, राहिलेल्या पैशासाठी दागिना मोडायची तयारी.

आमच्या तिघींनी तिला एवढंच सांगितलं, तुझ्याआधी ज्यांनी हे मशीन घेतलं अशा तिघांचे पत्ते माग. धंदा चांगला का वाईट हे आम्हीही सांगू शकत नव्हतो. पत्ते मिळायला पंधरा दिवस लागले, तेही दोनच मिळाले. मुलगी आणि आमच्यातल्या दोघी एसटीनं गेल्या. पहिल्या घरी मशीन पडवीत, वर बारदान टाकलेलं. मालकीण म्हणाली, पहिला माल घेतला, दुसऱ्या वेळी म्हणाले प्रत बरोबर नाही, तिसऱ्या वेळी फोन उचलला नाही. दुसऱ्या घरी मशीन चालू होतं, पण माल ते स्वतःच आठवडी बाजारात आणि लग्नकार्यात विकत होते. कंपनीवर त्यांनी कधीच विसंबून ठेवलं नव्हतं, शिवाय त्यांचं जुनं किराणा दुकान होतं. परतीच्या एसटीत मुलगी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी येऊन तिनं आईचा अर्ज मागं घेतला.

आता ती गावातल्या तीन दुकानांचे हिशोब संगणकावर ठेवून देते. मोठा उद्योग नाही, फोटो छापून येण्यासारखं काही नाही. पण दीड लाखाचं कर्ज तिच्या आईच्या डोक्यावर नाही. कॉलेजांच्या अहवालात किती धंदे सुरू झाले तेवढंच मोजतात. किती बुडणारे धंदे वेळेत थांबले याचाही एक रकाना असावा, असं आम्हाला वाटतं.

तुमच्या गटाला हे करायचं असेल तर आमच्या पद्धती सांगतो, त्यातलं जे पटेल ते घ्या. मुलाची किंवा मुलीची नात्यातली बाई मेंटर म्हणून बसत नाही. तिघी जणी एकत्र बसतात, म्हणजे एकीचा शब्द अंतिम होत नाही. हिस्सा, कमिशन, फुकटचा माल काही घ्यायचं नाही, चटणी खाल्ली तर पैसे देऊन खायची. ज्या बायका सल्ला देतात त्या त्याच मुलाच्या किंवा मुलीच्या घरच्या कर्जाच्या अर्जावर मत देत नाहीत. यावरून आमच्यात भांडण झालं होतं, पण नियम ठेवला. नाहीतर पोरं आपल्याशी खरं बोलत नाहीत, कर्ज मिळेल असंच बोलतात. बसायचं महिन्यातून एकदा, किमान वर्षभर. पहिल्या दोन-तीन बैठकांना सगळे येतात. खरी गरज सहाव्या-सातव्या महिन्यात असते, उधारी अडकलेली असते, उत्साह उतरलेला असतो, परीक्षा जवळ आलेली असते. तेव्हा बैठक चुकवू देऊ नका.

आणि जे आपल्याला येत नाही तिथं पुढचं दार दाखवायचं. जीएसटीला सीए, मालाच्या प्रक्रियेला कृषी विज्ञान केंद्र, योजनांना जिल्हा उद्योग केंद्र. खाद्यपदार्थांचा धंदा असेल तर केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत यंत्रसामग्रीला खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान आहे. त्याचा अर्ज भरून द्यायला जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात. त्यांचं मानधन योजनेतून मिळतं, आपण द्यायचं नसतं. अनुदान आहे म्हणून धंदा काढायचा नाही, एवढं मात्र पोरांना बजावून सांगा. आधी पाकिटामागचे ४ रुपये दिसू देत, मग यंत्र.

कॉलेजशी बोलायचं कसं, हे बऱ्याच जणी विचारतात. आम्ही प्राचार्यांकडे पत्र घेऊन गेलो, पाच जणी, गटाचा ठराव जोडून. पहिल्या वेळी आम्हाला वाटलं तसंच झालं, हळदीकुंकवाचं निमंत्रण द्यायला आलो असं त्यांना वाटलं! पण वाणिज्य विभागाच्या एका बाईंनी ऐकून घेतलं आणि दहा मुलं पाठवली. दहातली चार टिकली. तुमच्याकडे दोन टिकली तरी सुरू करा.

आमची पुढची बैठक महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, दुपारी दोन वाजता गटाच्या कार्यालयात आहे. ज्यांची पोरं येणार आहेत त्यांनी त्यांना तीन गोष्टी घेऊन पाठवा. मालाचा एक नमुना. गेल्या महिन्याच्या खर्चाची वही, कच्ची असली तरी चालेल, पण कागदाची. आणि ओळखीच्या नसलेल्या पाच गिऱ्हाइकांनी माल पाहून काय म्हटलं ते, जसंच्या तसं लिहून. चहा आमच्याकडे आहे.